पूर ओसरला, पण गावातलं पाणी ओसरत नाही. खाणीतला मोठा पंप आणावा का?

वैनगंगाकाठ (ता. ब्रह्मपुरी)

नमस्कार मंडळी. पंपातल्या जाणकारांनी जरा लवकर उत्तर द्यावं ही विनंती.

गाव नदीपासून दीड किलोमीटरवर, मधे नाला. वैनगंगा फुगली की नाल्याला फुगवटा येतो आणि पाणी उलटं गावात शिरतं. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडले तेव्हा झालं होतं तसंच, फक्त पातळी यंदा कमी. आता नदी उतरतेय, पण खालच्या टोलीत (वस्तीत) पाणी तसंच उभं आहे. पोचरस्त्याचा भराव आडवा आहे, त्याखाली ६०० मिमीची एकच मोरी, ती बेशरम आणि तणसाने गच्च. साधारण चार एकरात सरासरी अडीच फूट पाणी. पिण्याची विहीर त्यातच बुडाली, नळयोजनेचं पॅनेलही पाण्यात.

हाताशी आहे ते असं: ५ एचपीचे दोन डिझेल पंप (३ इंची), एक ७.५ एचपी मोनोब्लॉक, म्हणजे मोटर-पंप एकत्र (लाइन बंद आहे), ३०० फूट लपेटा (गुंडाळता येणारा चपटा) पाईप, दोन ट्रॅक्टर. वणीकडच्या खाणीतला एक कंत्राटदार ८ इंची पंप फुकट द्यायला तयार आहे, डिझेल आणि वाहतूक आपली. गावातून वर्गणी काढून तो आणावा का? नाल्यापर्यंत पाईप १२० मीटर लागेल, चढ तीनेक मीटर. आणि विहिरीचं काय करायचं, तेही सांगा.

---

उपसा_वणी

भाऊ, पंपाचं नंतर बघू, आधी पातळी मोजा. गवंड्याकडची पारदर्शक नळी घ्या, त्यात पाणी भरून बुडबुडे काढा आणि भरावाच्या दोन्ही बाजूंना एकेक काठी रोवून गावातलं पाणी उंच की नाल्यातलं ते पहा. नुसत्या डोळ्याने अंदाज बांधू नका, सपाट रानात फूटभराचा फरक दिसत नाही. या एका मापावर पुढचं सगळं ठरतं.

गावातलं पाणी वर असेल तर तुमचा सगळ्यात मोठा पंप ती मोरीच आहे. ६०० मिमीची मोकळी मोरी अर्ध्या मीटरच्या फरकावर ताशी अठराशे-एकोणीसशे घनमीटर पाणी ओढते. खाणीतले आठ इंची सात-आठ पंप लावले तर तेवढं निघेल, आणि इथे डिझेल शून्य. पण मोरी साफ करताना गावाकडच्या तोंडाशी कोणीही पाण्यात उतरायचं नाही. बोळा सुटला की ओढ एकदम लागते आणि माणूस तोंडात अडकतो. जेसीबीच्या बकेटने, नाहीतर लांब बांबूला आकडा बांधून भरावावरूनच ओढा.

आता हिशोब. एक एकरात एक फूट पाणी म्हणजे सुमारे १,२३३ घनमीटर. तुमचे चार एकर, अडीच फूट, म्हणजे १२,३०० घनमीटरच्या आसपास. ३ इंची पंपावर कागदावर ताशी ६० घनमीटर लिहिलेलं असतं, १२० मीटर पाईप लावल्यावर हातात ४० येतं. दोन पंप मिळून ८०. म्हणजे रात्रंदिवस चालवूनही साडेसहा दिवस, तेही पाऊस आला नाही तर. वरचं तीसेक एकर रान गावात उतरत असेल आणि ५० मिमी पाऊस पडला, तर ६,००० घनमीटर परत आत येतं, कारण भिजलेली काळी माती काही पीत नाही. म्हणून पंप चालू करायच्या आधी वरच्या बाजूने चर मारून ते पाणी गावाबाहेर वळवा. ट्रॅक्टरच्या नांगराने दोन तासांचं काम आहे.

६० चे ४० का होतात, तर पाईपमुळे. ३ इंची पाईपमधून ताशी ६० घनमीटर ढकलायला दर १०० मीटरला जवळपास १६ मीटर हेड (पाणी तेवढं उंच चढवायला लागणारा दाब) नुसत्या घर्षणात जातं. तेच पाणी ४ इंची पाईपमधून नेलं तर ४ मीटर. तुमचा चढ ३ मीटरचा, म्हणजे पंप चढापेक्षा पाईपशीच जास्त झगडतो. वर्गणीचे पैसे आधी ४ इंची लपेट्यावर घाला. पंपाच्या तोंडाला ३ बाय ४ रिड्युसर लावला की झालं. पाईपला पीळ किंवा घडी राहिली तर सगळा फायदा गेला, म्हणून पूर्ण उलगडून, सरळ टाका.

सक्शनकडे (पंप पाणी ओढतो त्या बाजूला) नेहमी चुका होतात. पाईप कडक रिबचाच हवा, लपेटा सक्शनला लावला तर चपटा होतो. पंप पाण्याच्या जितका जवळ तितका बरा. वातावरणाचा दाब १०.३ मीटर पाणी उचलतो हे पुस्तकातलं, प्रत्यक्षात ६ मीटरच्या पुढे भरवसा धरू नये. पाईप पाण्यापासून पंपापर्यंत सतत चढता ठेवा. मधे उंचवटा आला की तिथे हवा साठते आणि पंप पाणी सोडतो. फुटव्हॉल्व्ह (सक्शन पाईपच्या बुडाचा जाळीचा व्हॉल्व्ह) तळावर टेकवू नका, गाळ ओढेल. जाळीला तणस आणि पॉलिथिन चिकटतं, म्हणून बांबूची मोठी टोपली किंवा भोकं पाडलेला २०० लिटरचा ड्रम उभा करून त्यात फुटव्हॉल्व्ह सोडा. त्यावर किमान दोन फूट पाणी हवं. कमी झालं की भोवरा पडतो, पंप हवा गिळतो. भोवऱ्यावर एक फळी तरंगत ठेवली तरी फरक पडतो. पाणी गुडघ्याखाली आलं की सगळ्यात खोलगट जागी एक मीटरचा खड्डा घेऊन ड्रम त्यात बसवा.

आणि पाणी सोडताय कुठे ते नीट ठरवा. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत मुलं अडकली तेव्हा पंप लावून पाणी काढलं (किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही तिथे मदतीला गेले होते) आणि ते पाणी खालच्या धानाच्या शेतांवर गेलं. तुमच्याकडेही भरावापलीकडे कुणाच्या तरी बांध्या असतीलच. त्यांच्याशी आधी बोला, पाईपचं तोंड थेट नाल्याच्या पात्रात न्या आणि तिथे दगड किंवा मातीची पोती टाका, नाहीतर काठ खचेल.

---

वैनगंगाकाठ

उपसा भाऊ, लई उपकार. नळीने मोजलं. उलटंच निघालं: नाल्यातलं पाणी गावापेक्षा ८ इंच वर आहे. कालपासून नाला फूटभर उतरला म्हणतात. मोरीचा बोळा काढायला जेसीबी उभाच होता, तो थांबवला.

कंत्राटदाराने पंपाच्या प्लेटचा फोटो पाठवला: २५० घनमीटर/तास, हेड ५५ मीटर, ७५ एचपी, १,५०० आरपीएम. मोटरवाला आहे, जनरेटर वेगळा आणावा लागेल. त्याच्याकडे डिझेल इंजिनवरचा तसाच एक आहे म्हणाला, पण तो जुना.

---

उपसा_वणी

थांबवला ते फार बरं झालं. त्या बोळ्यानेच आज गाव वाचवलंय. तो काढू नका, उलट नाल्याकडच्या तोंडावर मातीची पोती रचून ताडपत्री दाबा. पोती पाऊण भरायची, गच्च भरलेली पोती एकमेकांत बसत नाहीत आणि फटीतून पाणी झिरपतं. नाला दिवसाला फूटभर उतरत असेल तर उद्यापर्यंत पातळ्या उलटतील. सकाळ, दुपार, संध्याकाळ काठीवर खूण करा. गावाचं पाणी ४ इंच वर आलं की पोती काढायची आणि मोरी मोकळी करायची. पुढे असा फेर दरवर्षी येणार असेल तर मोरीच्या नाल्याकडच्या तोंडावर वर बिजागरी असलेली लोखंडी झडप बसवून घ्या. नाला चढला की आपोआप बंद होते, उतरला की उघडते. कचरा अडकून अर्धवट उघडी राहू नये म्हणून पावसाळ्याआधी तपासायची, एवढंच.

आता तो पंप. आणू नका, निदान मोटरवाला तर नकोच. कारण सांगतो. खाणीचा पंप पाणी ५०-५५ मीटर वर चढवायला केलेला असतो. तुम्हाला चढ तीन मीटर, पाईपसकट सहा-सात. असा सेंट्रिफ्यूगल पंप कमी हेडवर मोकळा सोडला की पाणी वाढत जातं, त्याबरोबर मोटरचा लोड वाढतो, ओव्हरलोड रिले पडतो नाहीतर वाइंडिंग जळतं. शिवाय आत खडखडाट सुरू होतो, खडे फिरल्यासारखा; ते कॅव्हिटेशन, इंपेलर खातं. यावर उपाय म्हणजे डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह दाबून अँपिअर प्लेटवरच्या आकड्याच्या आत आणायचे. पंप वाचतो, पण ताशी १५ ते १८ लिटर डिझेल जाळून त्यातली बहुतेक ताकद त्या व्हॉल्व्हवरच घासून टाकायची. २५० घनमीटर सात मीटर चढवायला खरं तर दहा-बारा एचपी पुरतात. ७५ एचपी मोटर स्टार-डेल्टावर उचलायला १२५ ते १६० केव्हीएचा जनरेटर लागेल, तो चिखलातून आणणं हे आणखी एक काम.

डिझेल इंजिनवाला जुना असला तरी निदान त्याचा वेग कमी करता येतो. वेग १,५०० वरून ९०० वर आणला तर पाणी सहा दशांश, हेड छत्तीस टक्के आणि ताकद फक्त बावीस टक्के लागते. म्हणजे १५० घनमीटर, २० मीटर, १६-१७ एचपी. हे तुमच्या कामाच्या बरंच जवळ. तरी व्हॉल्व्ह थोडा दाबलेलाच ठेवा, इंजिनचं ऑइल प्रेशर त्या वेगावर टिकतंय का पहा, आणि ८ इंची कडक सक्शन पाईप सोबत मिळत नसेल तर नादच सोडा.

मागायचाच असेल तर ‘६ इंची, सेल्फ प्रायमिंग, ट्रॉलीवरचा, हेड १२ ते १५ मीटर, २० एचपीच्या आसपास’ असं लिहून तहसीलदारांकडे मागणी द्या. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ आहेच. पुरासाठी पाणी भरपूर आणि हेड कमी असाच पंप हवा. युरोपीय संघाच्या मदत पथकांसाठी मोठ्या उपशाच्या तुकडीची किमान क्षमता ताशी १,००० घनमीटर ठरवलेली आहे; म्हणजे हेक्टरभर रानातलं १० सेंटिमीटर पाणी तासाभरात. तेवढं आपल्या हाती नाही, म्हणून चार एकर एकदम उपसायच्या मागे लागू नका.

आजचं काम छोटं ठेवा. विहीर आणि पॅनेलच्या खोलीभोवती पोत्यांचा गोल बांध घाला, दोन-अडीच फूट उंच आणि तळाला उंचीच्या तिप्पट रुंद, बाहेरच्या म्हणजे पाण्याच्या बाजूला ताडपत्री. १५ मीटर व्यासाच्या गोलात अडीच फूट पाणी म्हणजे फक्त १३५ घनमीटर. तुमचे दोन ३ इंची पंप १० मीटर पाईपवर ते दोन-तीन तासांत काढतात, पुढे झिरपा सांभाळायला एक पुरतो. ५ एचपी इंजिन ताशी सव्वा लिटरच्या आत डिझेल खातं. दर आठ तासांनी थांबवून ऑइल पहा, पुरातल्या डिझेलमध्ये पाणी असतं म्हणून कॅन तासभर स्थिर ठेवून वरचंच ओता. ग्लँडमधून (पंपाच्या शाफ्टभोवतीच्या पॅकिंगमधून) थेंब थेंब पाणी पडू द्या, ते बंद करायला आवळलं की शाफ्ट कापला जातो.

---

जलसुरक्षक_पवनी

विहिरीबद्दल लिहितो, कारण घाईत इथेच जीव जातात.

पहिली गोष्ट: डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीत, टप्प्यावर, कधीही उतरवायचं नाही. पाणी खोल गेलं की इंजिन खाली न्यायची आपल्याकडे सवय आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत साठतो, त्याला वास नाही, आणि दिवा किंवा कंदील आत सोडून पाहिला तरी तो कळत नाही, कंदील जळत राहतो आणि माणूस पडतो. वाचवायला उतरलेला दुसराही पडतो. इंजिन वरच, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, विहिरीच्या तोंडापासून लांब. पाणी सहा मीटरखाली गेलं तर छोटा इलेक्ट्रिक सबमर्सिबल मड पंप दोरीने सोडा. केबलवर ओढ घ्यायची नाही. जनरेटरवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग असल्याशिवाय पाण्यात पंप नको.

दुसरी: एका दमात विहीर कोरडी करू नका. भोवतालची जमीन पाण्याने तुंबलेली आहे. आतलं पाणी झपकन उतरवलं की बाहेरचा दाब बांधकाम आत ढकलतो आणि मसाल्याविना रचलेल्या विटांच्या जुन्या विहिरी तर हमखास ढासळतात. मीटरभर उतरवा, थांबा, भिंतीतून माती वाहते का, नवी भेग पडते का पहा, मग पुढचा मीटर. भोवतीचं पाणी हटेपर्यंत हे काम सुरूच करू नका.

मग गाळ. मड पंपाने पातळ गाळ निघतो, तळाचा घट्ट थर बादलीनेच. गढूळ पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणं म्हणजे पावडर वाया घालवणं, क्लोरीन मातीतच खपतो.

पाणी नितळ भरलं की माप: व्यास फुटांत × व्यास × पाण्याची उंची × २२ = लिटर. १२ फूट व्यास आणि २० फूट पाणी असेल तर सुमारे ६३ हजार लिटर. पुरानंतरच्या निर्जंतुकीकरणाला हजार लिटरला ८० ग्रॅम टीसीएल धरा (क्लोरीन २५ टक्क्यांच्या आसपास धरून), म्हणजे ५ किलो. फोडलेलं पोतं दमट खोलीत महिनाभर पडलं असेल तर ती पावडर वापरू नका. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात पेस्ट, मग बादली भरून ढवळा, दहा मिनिटं चुना बसू द्या आणि वरची निवळीच विहिरीत सोडा. थोडी निवळी पातळ करून भिंतीवरही मारा. त्यानंतर कोणीही आत उतरायचं नाही. किमान अर्धा तास ठेवा, रात्रभर ठेवता आलं तर अधिक चांगलं. मग ते पाणी उपसा, पण बोडीत (लहान तळ्यात) किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावात सोडू नका, मासे मरतात. विहीर पुन्हा भरली की ओटी टेस्ट (पाण्यात उरलेला क्लोरीन रंगावरून सांगणारी चाचणी) घ्या. पिवळा रंग गडद असेल तर परत उपसा, ०.५ पीपीएमच्या खाली आला की जैविक तपासणीचा नमुना पाठवा. अहवाल येईपर्यंत पाणी उकळून किंवा टँकरचं.

---

मोटार_रिवाइंडिंग

तुमच्या ७.५ एचपी मोनोब्लॉकबद्दल. पाण्यात बुडाला होता का ते लिहिलं नाही. बुडाला असेल तर लाइन आली की बटण दाबून पाहायचा मोह टाळा. मोटर खोला, गोड्या पाण्याने गाळ धुवा, बेअरिंग बदला, वाइंडिंग उन्हात नाहीतर २०० वॅटचे बल्ब लावून दोन दिवस वाळवा. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) एक मेगओहमच्या वर आलं तरच जोडा. त्याखाली असेल तर अजून वाळवा. बोअरच्या सबमर्सिबलला पाण्याचं भय नाही, पण त्याचा स्टार्टर बुडालेला असेल तर कॉन्टॅक्टर आणि रिले नवीनच घाला. नळयोजनेच्या पॅनेललाही हेच लागू, आणि डीपीला हात लावायचा नाही, ते महावितरणच्या माणसाचंच काम.

बुडालेलं डिझेल इंजिन असेल तर हँडल मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजेक्टर काढा, डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून हाताने फ्लायव्हील फिरवा, पाणी बाहेर उडू द्या. ऑइल काढा, स्वस्त ऑइल भरून पाच मिनिटं चालवा, तेही काढा, मग चांगलं भरा. एअर क्लीनरच्या बाउलमधलंही.

जनरेटरवर थ्री फेज पंप लावला आणि पाणी कमी येतंय, आवाज वेगळा येतोय, तर फेज उलटी लागली असेल. पंप उलटा फिरूनही थोडं पाणी देतो, म्हणून लक्षात येत नाही. कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करा.

---

वैनगंगाकाठ

मोनोब्लॉक बुडाला होता, खोलायला दिला. मोरीच्या तोंडावर पोती लागली, विहिरीभोवतीचा बांध अर्धा झाला. खाणीचा पंप नको असं कळवलं. एकच शंका: ४ इंची लपेटा पोचरस्ता ओलांडून न्यावा लागतो आणि त्यावरून रुग्णवाहिका, टँकर जाणार. रस्ता खोदायला सरपंच तयार नाहीत.

---

उपसा_वणी

खोदू नका, भिजलेला भराव खोदला तर तिथूनच फुटेल. पाईपच्या दोन्ही बाजूंना पाईपपेक्षा जाड लाकडी ओंडके टाका, ओंडक्यांच्या बाहेर मुरमाचा उतार द्या आणि मधल्या फटीवर चेकर्ड प्लेट. रस्ता ओलांडायच्या तेवढ्या भागात लपेट्याऐवजी ४ इंची एचडीपीईचा सहा मीटरचा तुकडा जोडलात तर चाक चुकून चढलं तरी तो चपटा होत नाही. जोडाला प्रत्येकी दोन क्लिप, एकमेकांच्या उलट दिशेने स्क्रू ठेवून. टँकर जाताना पंप बंद करायची गरज नाही, पण रात्री तिथे कंदील आणि एक माणूस ठेवा.

बांध पूर्ण झाला की आतल्या पंपाचं पाणी रस्त्यापलीकडे न्यायची घाईही करू नका. पातळ्या उलटेपर्यंत ते टोलीतच सोडलं तरी चालतं, १३५ घनमीटरने चार एकरात सेंटिमीटरचाही फरक पडत नाही. उद्या सकाळचं काठीचं माप इथे टाका.